कापसाच्या खोलीची कडी

राणीसावरगाव
२४ नोव्हेंबर २०२४

चि. निकिता,

तुझा पत्ता शीलाकडून घेतला. तिला बोल लावू नकोस. शेजारधर्म म्हणून ती तुझी बाजू राखत होती, पण मी तीन दिवस तिच्या ओट्यावर जाऊन बसलो तेव्हा कंटाळून तिनं लिहून दिला. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. पोस्टमास्तरनं विचारलं, कुणाला? लेकीला म्हणालो, तर तो बघतच राहिला.

कामाचं आधी लिहितो. तुझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. नऊ जानेवारीला परभणीला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. पण ती हटून बसली आहे. "पट्टी निघाल्यावर म्होरं निकी पायजे. न्हाई तर मी जात न्हाई," असं तिनं मला डॉक्टरसमोर सुनावलं. डॉक्टर म्हणाले, आता लांबवाल तर डोळा हातचा जाईल. आणि तू म्हणे शीलाच्या फोनवर आईला सांगितलंस की बाबांनी एका गोष्टीचं उत्तर दिलं तर येईन. कोणती गोष्ट, ते आईला सांगितलं नाहीस. मलाही काही आठवत नाही. लहानपणापासून तू दिवसाला शंभर गोष्टी विचारायचीस, त्यातली कोणती राहिली कोण जाणे.

आता तुझ्या पिक्चरांबद्दल. तू भुताच्या इंग्रजी पिक्चरांना हिंदीत आवाज देतेस हे कळल्यापासून आम्ही रोज दुपारी लाईट असली की टीव्ही लावून बसतो. शीलानं टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. आईला नुसतं धुकं दिसतं, म्हणून मी सांगायचं आणि तिनं ऐकायचं, असं आमचं ठरलेलं आहे.

पहिला बघितला तो बर्फाच्या कारखान्याचा. एका लादीत बाई गोठलेली असते आणि लादी वितळेल तशी ती मोकळी होत जाते. मालक काय करतो, तर लादीवर पोतं टाकतो! भूत बरं होतं, माणसं बिनडोक होती. त्यात तू कचेरीतली बाई आहेस आणि एवढंच म्हणतेस, "सर, नीचे मत जाइए." आई खाटेवर उठून बसली. "निकी! निकी बोलली बगा!" ते एक वाक्य तिनं मला अकरा वेळा मागं नेऊन लावायला सांगितलं. अकराव्या वेळी मलाही वाटलं, तू मलाच सांगायलीस.

ये बाई ऑपरेशनला.

तुझा बाप,
बन्सीधर


८ डिसेंबर २०२४

चि. निकिता,

उत्तर आलं नाही. पाकीट पोचलं असेल असं धरून चालतो.

आणखी दोन पिक्चर झाले. एक त्या मेलेल्या सासूच्या शिलाई मशीनचा. मशीन आपोआप चालते आणि सकाळी घरातल्या एकेकाच्या मापाचं कफन शिवून तयार असतं. कल्पना चांगली आहे, पण त्या घरात शेजारीण म्हणून कुणी फिरकतच नाही. आपल्याकडे मशीनचा आवाज दोनदा आला असता तर शीला तिसऱ्यांदा ब्लाऊज घेऊन हजर झाली असती. दुसरा पिक्चर विहिरीतल्या जुळ्या मुलांचा होता, तो मला कळलाच नाही. आईला कळला आणि तिनं मला समजावला.

मशीनच्या पिक्चरमध्ये तू धाकटी सून आहेस आणि पंधरा मिनिटांत मरतेस. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुझा आवाज बंद झाला, मी टीव्ही बंद केला आणि आईला म्हणालो संपला. त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. पुढं असं काही असेल तर शीलाला आधी कळवत जा.

मी आईला सगळंच खरं सांगतो असं नाही. फार वाईट काही आलं की बदलून सांगतो. परवा तिनं पकडलं.

"काय चाललंय?"

"काही नाही. चहा प्यायलेत."

"खोटं बोलायलाव. एवढी माणसं वरडायलीत आन तुमी मनता चहा प्यायलेत! चहा पिताना कोण वरडतंय?"

मी हसलो. तीही हसली. पण नंतर बराच वेळ ते बोलणं माझ्या कानातून जाईना.

मला भीती वाटत नाही. हे लिहून ठेवतो, कारण आई तुला फोनवर उलटंच सांगेल. फक्त दुपारी घर फार मोठं वाटायला लागलंय. यंदाचा कापूस पुन्हा मधल्या खोलीतच भरलाय, आढ्याला टेकलाय. दुसरी जागा नाही, भाव यायची वाट बघायची तर कुठं तरी ठेवावाच लागतो. बैठकीतून मागच्या अंगणात जायचं तर त्या दारावरूनच जावं लागतं. पिक्चर बघून उठल्यावर हल्ली मी बाहेरून वळसा घालून मागं जातो. बाहेर ऊन चांगलं असतं, एवढंच कारण.

नऊ जानेवारी लक्षात ठेव.

बन्सीधर


१९ डिसेंबर २०२४

निकिता,

आज एक बुवाबाजीचा पिक्चर लागला. तिकडेही बुवा असतात हे बघून गंमत वाटली. बर्फाळ डोंगरातलं एक गाव, सगळं गाव त्या बुवाच्या शब्दात. दुपारी घंटा झाली की सगळ्यांनी एका लांब टेबलावर जेवायचं, आणि जो ऐकणार नाही त्याला खाली बटाट्याच्या तळघरात टाकायचं. बुवा अगदी साधा दाखवलाय. दाढी नाही, माळा नाहीत, हसून बोलतो. भूतही नाही की रक्तही नाही. असल्या पिक्चरला भुताचा का म्हणतात कळत नाही. मला आवडला नाही.

अर्ध्यात लाईट गेली, त्यामुळे पुढचं बघितलं नाही.

हा पिक्चर आम्हाला तू सांगितलेला नव्हता, मीच बटणं दाबताना लागला. त्यात तळघरात टाकलेली जी पोरगी आहे, तिला आवाज कुणी दिलाय? आई म्हणते निकी नाही. तू नसशीलच. सहज विचारलं.

आई बरी आहे. जरा गप्प आहे.

बन्सीधर


२२ डिसेंबर २०२४

निकिता,

लाईट गेली नव्हती.

तीन दिवस झाले, तुझी आई माझ्याशी बोललेली नाही. भाकर वाढते, पाणी ठेवते आणि मधल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसते. तिला धड दिसत नाही हे मला माहीत आहे, तरी ती बघतेय असं वाटतं. भुताच्या पिक्चरांनी मला जेवढं घाबरवलं नाही तेवढं या गप्प बाईनं घाबरवलंय.

झालं ते असं. पिक्चरमध्ये सगळे टेबलावर जेवत असतात. खालून किंकाळी येते. सगळ्यांचे हात थांबतात. मग त्या पोरीचा बाप मान खाली घालून चमचा उचलतो आणि खायला लागतो. तो खातोय म्हटल्यावर बाकीचेही खातात. आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, वारा सुटलाय." तेवढ्यात दुसरी किंकाळी आली. आणि तिसरी, जिच्या शेवटाला श्वास आत ओढल्यासारखा होतो आणि आवाज मध्येच तुटतो.

मी उठलो कधी ते मला माहीत नाही. भानावर आलो तेव्हा कापसाच्या खोलीसमोर उभा होतो आणि कडी काढलेली होती.

आई मागून म्हणाली, "ती कडी कामून काढली?"

डोळे गेल्यापासून तिला घरातल्या प्रत्येक कडीचा आवाज पाठ झालाय. मी म्हणालो, "कापसाला वारा लागू दे."

"निकी व्हती का ती? वरडली ती?"

"असंल बहुतेक."

"मी तिला जल्म दिला. मला वळखू आलं न्हाई, कारन तिचं असलं वरडणं मी कधी ऐकलंच न्हाई." मग म्हणाली, "तुमी कवा ऐकलं?"

मी कडी परत लावली. तेव्हापासून ती बोललेली नाही.

तू काय विचारलं होतंस ते मला आठवतं. पहिल्या पत्रात आठवत नाही लिहिलं ते खोटं. सहा वर्षांपूर्वी चारठाण्याचे व्यंकटराव मुलासाठी तुला बघायला आले. तू म्हणालीस, मी समोर येणार नाही, मला मुंबईला जायचंय. पाहुणे वेशीत आलेले. मी तुझा हात धरून तुला मधल्या खोलीत घातलं आणि कडी लावली. पाहुण्यांना सांगितलं, पोरगी अचानक आजोळी गेली. अर्धा तास, ते उठेपर्यंत, एवढंच मनात होतं. तू झरोक्याशी जायला कापसावर चढलीस आणि कापसाची रचलेली गंज तुझ्या अंगावर घसरली. पाहुणे गेल्यावर मी दार उघडलं तर नुसता एक पाय दिसत होता. तुझ्या नाकातला, तोंडातला कापूस आईनं बोटानं काढला. आठ दिवसांनी तू पिशवी घेतलीस आणि उंबऱ्यात विचारलंस, "बाबा, माझा आवाज तुमाला ऐकू आला व्हता का?" मी म्हणालो, "कापसात आवाज कोंडतो बाई. ऐकू आला असता तर आलो नसतो का?"

तेच मी आईला सांगितलं, शीलाला सांगितलं, सगळ्या गावाला सांगितलं. त्या वेळी आई मागं अंगणात चुलीवर पुऱ्या तळत होती, तिला काही ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता.

आता तू विचारतेसच तर, काहीतरी आलं असेल. पुसट. बैठकीत बोलणं चाललं होतं, मी जागचा हललो नव्हतो, नीट कळलं नसेल. एवढं उत्तर पुरे आहे का? पुरे असेल तर ये. मी तुझ्यापुढे हात जोडतो.

बन्सीधर


३१ डिसेंबर २०२४

निकिता,

काल येळवशीची अमावस्या झाली. सकाळी नऊ वाजताच सगळं गाव पूजेला आणि जेवायला रानात गेलं. शीलाचा ट्रॅक्टर शेवटचा गेला, तिनं हाक मारली, "वहिनी, येता न्हवं?" आई म्हणाली, "व्हय, आमी येतो मागून." आंबिलीनं भरलेलं बिंदगं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, सगळं दारात बांधून ठेवलेलं. मी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणालो, चल. अकरा दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आदी आत जा."

"कुठं?"

"कापसाच्या खोलीत."

"कामून?"

"कापसात आवाज कोंडतो मनलाव न्हवं? आज गावात चिटपाखरू न्हाई, गलबला न्हाई. कोंडतो का ते बगू द्या मला."

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. भिंत चाचपत गेली, कडी काढली आणि दार धरून उभी राहिली. तिला ढकलून मी रानात जाऊ शकलो असतो. पण तिच्या तोंडाकडे बघून माझी हिंमत झाली नाही. मी आत गेलो आणि बाहेरून कडी बसली.

खोलीत कापसाचा तो उबट वास असतो, तो तुला माहीत आहे. अंगाला लगेच खाज सुटली. दाराशी उभं राहण्यापुरती जागा, बाकी सगळा कापूस वरपर्यंत. मी साध्या आवाजात म्हणालो, "सुमन, उघड." बाहेर काही नाही. जरा मोठ्यानं म्हणालो. काही नाही. तेव्हा मला बरं वाटलं, हे तुला सांगायलाच हवं. वाटलं, बघ, कोंडतो की आवाज. मी खोटं बोललो नव्हतो असं मीच मला सांगायला लागलो.

मग मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला, गॅस पेटवल्याचा आला. मी सगळं ऐकत होतो. मला तिचं ऐकू येतंय तर तिला माझं का येत नसेल, हा विचार आला. मी दार बडवलं. हाका मारल्या. ती बाई सहा वर्षांचं सगळं मनात धरून गेली रानात आणि मी इथंच राहिलो, तर संध्याकाळपर्यंत कुणी येणार नव्हतं. गावातलं कुत्रंसुद्धा माणसांमागं गेलेलं. झरोक्यातून उजेड येत होता. मी कापसावर चढलो.

तू किती आत गेली होतीस, बाई? मी कमरेपर्यंत गेलो. पाय टेकायला काही सापडेना. हात टाकावा तिथं हात आत जातो. वरची गंज हलली आणि मानेवर, तोंडावर आली. कापूस हलका असतो असं आपण म्हणतो. त्याचं वजन मी जन्मभर पाठीवर वाहिलंय, पण छातीवर काल पहिल्यांदा घेतलं. तोंड उघडलं की आत येतो. मी ओरडलो, आणि शेवटी श्वास आत ओढला गेला आणि आवाज तुटला. तोच आवाज. टीव्हीतला, तुझा, माझ्या तोंडातून निघाला.

कडी निघाली. मी कसाबसा घसरत दारात येऊन पडलो. आई उंबऱ्याशी बसली होती आणि तिच्याजवळ रिकामा कप होता.

मी विचारलं, "ऐकू आलं का?"

"पैल्या हाकेलाच आलं."

"मग?"

"एक कप चहा केला. पिला. मग उघडलं." ती रडत होती, पण आवाज घट्ट होता. "दोनदा उठले उघडायला. तुमी असले तरी मला एक कप चहा जड गेला. तुमी किती कप थांबलाव, सांगा."

मी म्हणालो, "दोन."

तिनं रिकामा कप पालथा घातला. मग म्हणाली, "दुसरा मीच करून दिला तुमाला."

आता ते लिहितो, जे मागच्या पत्रात लिहिलं नाही. पहिली किंकाळी आली तेव्हा माझ्या हातात पहिला कप होता. व्यंकटरावांनी विचारलं, "कोण वरडायलंय हो?" मी म्हणालो, "मांजर व्यालीय कापसात." ते भले माणूस, म्हणाले बघून तरी या. ते उठतील म्हणून मी म्हणालो, बसा, आणखी एकेक कप होऊ द्या, मी आणतो. किटली आणायला मीच मागं अंगणात गेलो. जाताना तुझ्या दारावरून गेलो. तू दुसरं काही म्हणत नव्हतीस, नुसतं "बाबा, बाबा" करत होतीस. किटली घेऊन परत आलो तेव्हा तो आवाज अगदी बारीक झाला होता. कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. माझ्या एका हातात किटली होती, दुसरा रिकामा होता. मला वाटलं, आता उघडलं तर पाहुण्यांपुढं काय तोंड दाखवायचं? मी बैठकीत गेलो, चहा ओतला आणि माझा दुसरा कप सगळा पिला. तोवर तू गप्प झाली होतीस, आणि तू गप्प झालीस म्हणून मला हायसं वाटलं.

तू विचारलं होतंस. ऐकू आलं होतं. सगळं ऐकू आलं होतं.

हे उत्तर दिलं म्हणून आलंच पाहिजेस असं आता मी म्हणत नाही. आली नाहीस तर आई तो डोळा घालवील, आणि तो माझ्यामुळे जाईल. आलीस तर मी परभणीला येणार नाही, तुझ्या समोर पडणार नाही. शीला तिला गाडीनं गंगाखेडपर्यंत आणि तिथून पुढं घेऊन येईल. तू दवाखान्यात भेट. मधल्या खोलीची कडी मी काल काढून टाकली. दार आता लागत नाही, नुसतं लोटलेलं असतं, आणि कापूस थोडा थोडा बाहेर येतो. येऊ दे.

रानात आम्ही दुपारी पोचलो. पूजा उशिरा झाली. मी फुलं वाहिली, पण मागणं काही मागितलं नाही.

पत्र लिहून झाल्यावर आईला म्हणालो, वाचून दाखवतो. ती म्हणाली, "तुमी वाचलेलं मला नको. पिक्चरबी तुमी बदलून सांगता. शीला वाचंल." मी म्हणालो, शीलाला कळलं म्हणजे गावाला कळेल. ती म्हणाली, "कळू द्या."

तेव्हा शीला आता येतेय, ओट्यावर तिच्या चपला वाजल्या. हे शेवटचं तिच्यासाठी. शीला, दोन कप लिहिलंय तिथं आवाज बारीक करू नकोस. मोठ्यानं वाच. सुमनला ऐकू गेलं पाहिजे, आणि मी मागं अंगणात बसलोय, मलाही.

बन्सीधर